मन्सूर आगा कुठपर्यंत सामोरे जात

ब्रिस्बेनच्या विमानतळावर आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घ्यायला निघालेल्या मुलाला मी फोन करून सांगितलं, “येऊ नकोस, आम्ही टॅक्सीने येतो.”

हे मी चांगल्या हेतूने केलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे चांगल्या हेतूनेच झालेत. वाईट हेतूने काही करायचं तर आधी थोडा विचार करावा लागतो.

ते वडील म्हणजे मन्सूर आगा. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला आमच्या शेजारच्या युनिटमध्ये राहायचे. मूळचे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बुशेहर बंदरातले. तिथे शाळेत इतिहास शिकवला, मग मुलाच्या मागोमाग बायकोला घेऊन इकडे आले आणि फॉस्टर स्ट्रीटजवळ काही वर्षं सुक्या मेव्याचं दुकान चालवलं. पुढे मुलगा नोकरीसाठी ब्रिस्बेनकडे गेला, बायको वारली, दुकान बंद झालं, आणि आगा एकटे उरले. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, हातात काठी आणि अंगात कायम कोट. मेलबर्नच्या चाळीस डिग्रीतसुद्धा कोट. मी एकदा विचारलं, “आगा, उकडत नाही का?” तर म्हणाले, “उकडतं. पण त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.”

आमची ओळख कचऱ्याच्या बिनमुळे झाली. माझी बिन मी त्यांच्या ड्राइव्हवेसमोर लावून ठेवली होती. आगा बाहेर आले, बिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारख्या इंग्रजीत विचारलं, “आपण कुठले?”

“पुण्याचा.”

“पूना!” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे मुंबई सरकार पावसाळ्यात जिथे मुक्कामाला जायचं ते गाव.”

पुण्याची ही ओळख ऐकून माझ्यातल्या पुणेकराला काय झालं असेल ते पुणेकरांनाच कळेल. पुण्याबद्दल लोक नाना तऱ्हेचं बोलतात, ते आम्ही ऐकूनही घेतो. पण मुंबईची पावसाळी ओसरी? मी काही बोलणार, तेवढ्यात आगांनी तक्रारच मांडली.

“तुमच्याकडून आम्हाला उत्तर यायला फार वेळ लागायचा.”

“सॉरी?”

“पावसाळ्यात तर फारच.”

हळूहळू उलगडा झाला. बुशेहरला इंग्रजांची रेसिडेन्सी होती. आखातातल्या व्यापारावर नजर ठेवायला, शेखांची भांडणं मिटवायला, क्वचित लावून द्यायला त्यांचा वकील तिथे राहायचा, आणि बरीच वर्षं त्याचे हुकूम लंडनहून नव्हे, मुंबईहून सुटायचे. आगांचे पणजोबा त्या रेसिडेन्सीत मुन्शी होते. साहेबाचं इंग्रजी फारसीत न्यायचं आणि सुभेदाराची फारसी इंग्रजीत आणायची, हे त्यांचं काम. “लोकांना वाटतं मुन्शी भाषांतर करतो,” आगा म्हणायचे. “भाषांतर कुणीही करील. मुन्शी गाळतो. साहेब बोलतो त्यातला उर्मटपणा इकडे गाळायचा, सुभेदार बोलतो त्यातला तिकडे गाळायचा. उरेल ते कराराचं कलम.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी मुंबई सरकार झालो. मी आयटीतला साधा टेस्टर. ऑफिसात मला कुणी साधी मीटिंगची वेळसुद्धा विचारत नाही, पण घरी आलो की शेजारी मला घोड्यांचा जाब विचारायचे. “आमच्या बंदरातून तुम्ही घोडे नेलेत, खजूर नेलात, गुलाबपाणी नेलंत. आम्हाला साखर दिलीत, कापड दिलंत. साखर संपली, कापड फाटलं. घोडे मात्र तुमच्याकडेच राहिले.” मी नकळत आमच्या सेकंडहँड हॅचबॅककडे बघायचो. तिला ढकलल्याशिवाय ती हलत नव्हती, हे सांगून सरकारची अब्रू घालवणं मला बरं वाटेना.

दिवाळीत मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवला. न्यायला मी गेलो आणि सवयीने म्हणालो, “डबा परत द्या हं, सवडीने.” घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मेघनाने कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्याच दिवशी डबा परत आला, खजुरांनी गच्च भरलेला. “रिकामा पाठवायचा नसतो ना?” आगांनी विचारलं. “तुमच्याकडेही हीच रीत असणार. नजराण्याला उलट नजराणा. फक्त तुम्ही मागून घेता, एवढाच फरक.”

पण आगांची खरी खासियत होती सामोरं जाण्याची. जुन्या इराणात म्हणे परक्या एलचीची, म्हणजे राजदूताची, किंमत त्याच्याशी काय बोललं यावरून ठरत नसे. त्याला घ्यायला गावाबाहेर कोण आलं आणि किती लांब आलं यावरून ठरे. याला ते इस्तिकबाल म्हणत. दोन फर्लांग कमी आले की अपमान, मंत्र्याऐवजी मंत्र्याचा भाचा आला की मोठा अपमान. इंग्रज वकील या गोष्टीवर हसायचे, आणि मग स्वतःच त्यासाठी महिनामहिना भांडत बसायचे. आगांचे पणजोबा एकदा एका साहेबाबरोबर शिराझला निघाले होते. शहर नजरेच्या टप्प्यात आलं, आणि घ्यायला आलेली माणसं साहेबाला हलकी वाटली. साहेबाने तिथेच माळावर तंबू ठोकले. इज्जतीचा माणूस आल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही म्हणाला. सुभेदार म्हणाला, मीही पाठवणार नाही. मग तंबू ते वेस आणि वेस ते तंबू अशा फेऱ्या मुन्शीने मारायच्या.

“शेवटी काय झालं?” मी विचारलं.

“तोड निघाली. दोघांचीही अब्रू राहिली. पणजोबांना ऊन लागलं.”

मी म्हटलं, आगा, हे आमच्याकडे अजूनही चालतं. लग्नात वरपक्षाला शिवेवर जाऊन घेऊन येतात, सीमांतपूजन म्हणतात त्याला. त्यात कमीजास्त झालं की वरमाय रुसते.

“मग?”

“मग कुणीतरी मनवायला जातं.”

“कोण?”

“बहुतेक मुलीचा एखादा काका. ज्याच्यावाचून मांडवात काही अडत नाही असा.”

आगांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तर आगा स्वतः ही रीत डँडेनॉन्गच्या त्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये पाळायचे. पार्सलवाल्यासाठी दारापर्यंत. डॉक्टरीणबाईंसाठी पायरी उतरून. मेघनासाठी थेट लेटरबॉक्सपर्यंत, कारण ती त्यांना ‘आगाकाका’ म्हणायची आणि जाताना आठवणीने ड्रेस बदलून जायची. आणि माझ्यासाठी? मी गेलो की आगा खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकायचे, बूड किंचित उचलायचे, आणि परत टेकायचे. बरेच दिवस मला वाटायचं त्यांचे गुडघे दुखतात. मग एक दिवस मेघना आणि मी एकत्र गेलो आणि मी ते गुडघे टणाटण लेटरबॉक्सपर्यंत चालत येताना पाहिले.

घरी आल्यावर मी चिडचिड केली. मेघना म्हणाली, “तू बर्मुडा घालून, फोनमध्ये बघत, रिकाम्या हाताने जातोस. ते अर्धे तरी उठतात. मी असते तर टीव्हीसुद्धा म्यूट केला नसता.”

एकदा त्यांच्याकडे नळदुरुस्तीला प्लंबर आला, आणि काम झाल्यावर आगा त्याला पोचवायला चक्क रस्ता ओलांडून त्याच्या व्हॅनपर्यंत गेले. मी बघतच राहिलो. माझ्यापेक्षा प्लंबर?

“त्याने काय केलं पाहिलंत?” आगांच्या डोळ्यांत चमक होती. “दारात आला. पायात बूट. मी बुटांकडे पाहिलं. त्याने खिशातून निळ्या पिशव्या काढल्या आणि बुटांवर चढवल्या!”

“हो, इथे सगळेच ट्रेडी, प्लंबर-इलेक्ट्रिशियन, घालतात.”

“अहो, याच्यावरून दोन साम्राज्यं भांडली! आमच्या दरबारात बूट घालून जायचं नाही, आणि इंग्रजांकडे बूट काढले तर राजाचा अपमान. किती वर्षं गेली त्यात. मग तोड निघाली की बुटावर बूट घालायचे, वरचे दारात काढायचे, आतले ठेवायचे. आणि हा पोरगा दारात उभा राहून ‘नो वरीज, मेट’ म्हणतो आणि तोच तह एका मिनिटात करून टाकतो. त्याला व्हॅनपर्यंत नाही पोचवायचं तर कुणाला?”

मी तेव्हा क्रॉक्स घालून त्यांच्या गालिच्यावर उभा होतो.

गेल्या हिवाळ्यात आगा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर चालताना हात भिंत शोधायला लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता एकटं राहायचं नाही. मुलगा कामरान स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो, ब्रिस्बेनजवळ. इंजिनियर आहे, बायको आहे, रोया नावाची लहान मुलगी आहे. त्याने लगेच मेसेज पाठवला: बाबा, शुक्रवारी मूव्हर्स येतील, शनिवारचं तिकीट काढलंय, तुमची खोली तयार आहे.

आगांनी तो मेसेज मला दाखवला. “याच्यात सोफा कोण आणि बाप कोण, ते मला ओळखून दाखवा.”

मूव्हर्स आले आणि परत गेले. आगांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत पोचवलंही, पण सामानाला हात लावू दिला नाही.

त्याच दुपारी कामरानचा मला फोन आला. “काका, हे काय चाललंय? मी धरायला ग्रॅब रेल लावलेत, शॉवरमध्ये खुर्ची बसवली आहे, खिडकीतून तळं दिसेल अशी खोली दिली आहे. अजून काय करू मी? ढोल वाजवू?”

मी तोच प्रश्न, ढोल गाळून, आगांना विचारला. त्यांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, “तुम्ही मुंबई सरकार आहात म्हणून सांगतो. या घरात मी कोण ते मला ठाऊक आहे. कोण आलं तर कुठपर्यंत जायचं ते मी ठरवतो. तिथे मी कोण असेन? कोपऱ्यातल्या खोलीतलं सामान? ते मला जायच्या आधी कळायला हवं. एकदा आत गेल्यावर विचारता येत नाही.”

असं पहिल्यांदाच ते माझ्याशी कोटाची बटणं उघडी ठेवून बोलत होते.

“म्हणजे कामरानने इथे यायला हवं?”

“इतकं नको, त्याला नोकरी आहे. विमानतळापर्यंत यावं. आतपर्यंत, गाडीत बसून हॉर्न वाजवायचा नाही. बायको आणि मुलगी बरोबर हवी. एवढंच.”

तर असा मी एलची झालो. फेऱ्या फोनवरच मारायच्या होत्या, त्यामुळे ऊन लागण्याची भीती नव्हती. कामरान म्हणाला, “काका, ते इतिहास शिकवायचे, आता राहतातही इतिहासातच.” मी आगांना सांगितलं, “कामरान म्हणतो, बाबांना परंपरेची फार जाण आहे.” आगा म्हणाले, “त्या गाढवाला सांगा, मी त्याला सायकल शिकवायला रोज समुद्रापर्यंत धावलो आहे.” मी कामरानला सांगितलं, “ते तुझ्या लहानपणीच्या आठवणी काढत होते.” काय सांगू, जन्मात पहिल्यांदाच मला एखादं काम जमतंय असं वाटायला लागलं. कामरानने शेवटी होकार दिला. अरायव्हल्सला, तिघंही, आतपर्यंत. आणि आगांबरोबर विमानात सोबतीला मी जायचं ठरलं, कारण मेघनाला शिफ्ट होती आणि मी सरकार होतो.

निघण्याच्या दिवशी आगांनी कोटावर ब्रशही मारला. सामान या खेपेला मूव्हर्सबरोबर पुढे गेलं होतं. हातात फक्त एक बॅग आणि फडक्यात गुंडाळलेला चहाचा समोवार, बायकोचा. तो त्यांनी मूव्हर्सना दिला नव्हता, विमानातल्या मुलीलाही देईनात. मांडीवर घेऊनच बसले होते. विमान सुटण्याआधी समोवार सीटखाली ठेवायला त्यांना कुणी राजी केलं विचाराल, तर ती मुलगीच. मी नव्हे.

विमान उशिरा पोचलं. उतरताच मी फोन चालू केला, तर कामरानचा मेसेज: साइटवर प्रॉब्लेम झाला होता, आत्ताच निघतोय, हायवेला भयंकर ट्रॅफिक आहे, जरा उशीर होईल, बाबांना सांगा. आगा टॉयलेटला गेले होते. मी एकटाच उभा होतो. आणि त्या क्षणी माझ्यातला इतक्या दिवसांचा मुत्सद्दी गळून पडला आणि खरा मी वर आलो. मी म्हटलं, बिचारा कामावरून थकून, पोरीला घेऊन, त्या ट्रॅफिकमधून येणार. आणि आम्ही इथे ताटकळत बसणार. टॅक्सी तर दारातच उभी आहे. मी फोन लावला.

“अरे, येऊ नकोस, आम्ही टॅक्सीने येतो. नो वरीज.”

“बाबा चालेल म्हणाले?” त्याने चकित होऊन विचारलं.

“हो रे,” मी म्हणालो. बाबांना विचारलं नव्हतं. पण मला ते इतकं सोयीचं वाटलं होतं की सगळ्यांनाच वाटणार.

आगा आले. आम्ही दारातून बाहेर पडलो. समोर लोक हातात फुगे, पाट्या, पोरं घेऊन उभे होते. आगांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि त्या गर्दीवरून एक नजर फिरवली. मग परत फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“कामरान?”

“मी त्याला येऊ नको म्हटलं,” मी उत्साहात सांगितलं. “ट्रॅफिक फार आहे. टॅक्सीने आपण पटकन पोचू.”

आगा चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते जवळच्या खुर्च्यांच्या रांगेपाशी गेले, कडेच्या खुर्चीवर बसले, समोवार मांडीवर घेतला आणि काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. मला दिसलं की तंबू ठोकला गेला होता.

“परतीचं विमान किती वाजता आहे, विचाराल का?” ते म्हणाले.

“आगा, असं काय करता! घर तासाभरावर आहे.”

“ते त्याचं घर आहे. तिथून मला घ्यायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही.”

मी बाजूला जाऊन फोन केला. कामरान घरी वळला होता. “काका, तुम्हीच म्हणालात येऊ नकोस!”

“हो, मीच म्हणालो.”

“बाबा हो म्हणाले असं म्हणालात!”

“हो, तेही मीच म्हणालो.”

पलीकडे गाडी कडेला घेताना इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग तो अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, “ते बसलेत? तसेच बसून आहेत?”

“हो.”

“आई गेली तेव्हासुद्धा ते असेच बसले होते,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी आगांना काही सांगितलं नाही. गाळायलासुद्धा काही उरलं नव्हतं. मी कॉफी आणून दिली. त्यांनी घेतली, ‘थँक यू’ म्हणाले आणि प्यायले नाहीत. फुगेवाले गेले. दुसऱ्या विमानाची माणसं आली, त्यांना घ्यायला आलेल्यांनी मिठ्या मारल्या, तीही गेली. आगा सरळ समोर बघत होते. एकदा फक्त म्हणाले, “त्याला दोष नाही. पण मी आता जाऊ कसा?” हे ते मला विचारत होते की समोवारला, कळलं नाही.

मग काचेची दारं सरकली आणि कामरान धावत आत आला. अंगात साइटवरचं पिवळं हाय-व्हिज जॅकेट, एका पायाची लेस सुटलेली. मागून त्याची बायको, आणि तिचा हात धरून झोपेतून उठवलेली रोया, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. कामरान गोंधळून चुकीच्या बाजूला बघत होता. त्याला आम्ही दिसलो नव्हतो.

आगांनी समोवार माझ्या हातात दिला आणि ते उठले. पूर्ण उठले. आणि काठी खुर्चीलाच टेकवून ठेवून चालायला लागले. मी मागे धावणार होतो, पण धावलो नाही. त्या दिवशी मी केलेली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट. पाठ ताठ, पाऊल हळू. इज्जतदार माणूस कसा कुणाला घ्यायला निघतो, तसे. हॉलच्या साधारण मध्यावर पोचले आणि थांबले. तिथे धरायला काही नव्हतं, तरी थांबले. उरलेला अर्धा रस्ता मुलाने चालायचा होता.

कामरानने त्यांना पाहिलं आणि त्याचं धावणं बंद झालं. जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली, केसांवरून हात फिरवला, आणि तो चालत आला. मग आगांनी विचारलं, “रस्त्यात त्रास नाही ना झाला?” यजमान पाहुण्याला विचारतो तसं. कामरानने वाकून त्यांचा हात धरला आणि कपाळाला लावला. “नाही बाबा. तुम्ही आलात, आमचं घर भरलं,” असं काहीतरी फारसीत म्हणाला. त्याच्या बायकोने नंतर मला सांगितलं की हे वाक्य तो गाडीत सबंध रस्ताभर घोकत आला होता.

मी समोवार, काठी, बॅग आणि दोन गार कॉफ्या घेऊन मागून निघालो.

त्या दिवशीचंच आगांचं मला झालेलं शेवटचं दर्शन. पुढे काही महिन्यांनी ते त्या तळ्यावरच्या खोलीत झोपेतच गेले. कामरान सांगतो की तोवर त्या गल्लीतल्या प्रत्येकासाठी त्यांनी आपली जागा ठरवून टाकली होती. कुणाला दारापर्यंत, कुणाला झाडापर्यंत.

तर त्या दिवशी पार्किंगमध्ये कामरानची गाडी उभी होती. आगा पुढे बसले, समोवार मांडीवर. मागे रोयाची सीट, शेजारी तिची आई, उरलेल्या जागेत बॅग, कारण डिकी साइटच्या सामानाने गच्च होती. मी दार उघडं धरून उभा राहिलो आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. कामरान ओशाळून बॅग इकडे तिकडे करायला लागला. मी ‘नो वरीज’ म्हणालो. आगांनी काच खाली केली आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो. इतक्या दिवसांच्या फेऱ्या, गाळणं, विमान, समोवार; दोन चांगले शब्द येणार म्हणून मी चेहराही तसा करून ठेवला होता.

“तुम्ही टॅक्सीने या,” आगा म्हणाले. “तुम्हाला टॅक्सी फार आवडते.”